बॅटरीचा मसाला

मी डस्टर बोलतोय. हो, तेच, फळा पुसायचं. तोंड वाकडं करू नका. छत्रीचं ऐकता, फाटक्या पुस्तकाचं ऐकता, मग माझं ऐकायला काय जातं तुमचं?

आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. आणि ज्याच्यावर मी उभा जन्म जळलो तो कुणी परका नव्हता, माझा सख्खा भाऊ होता. फळा.

भोकरदन तालुक्यात, हसनाबादपासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर आमची दोन खोल्यांची शाळा. गावाचं नाव सांगत नाही, उगाच लोक बोट दाखवतील. शाळेच्या आवारात एक जुना कडुलिंब होता. वावटळीत तो आडवा झाला, तेव्हा जगन्नाथ गुरुजींनी कडूबा सुताराला बोलावलं. म्हणाले, "कडूबा, लाकूड वाया नको जायला. पोरांना एक फळा करून दे."

कडूबानं रुंद रुंद फळ्या निवडल्या, रंधा मारला, चौकट ठोकली. भाऊ तयार झाला. मग पायाशी पडलेला एक तुकडा उचलून तो म्हणाला, "गुरुजी, पुसायला काय हाय का?" गुरुजी म्हणाले, नाही. तेव्हा त्यानं त्या तुकड्यावर जुन्या घोंगडीची घडी बारीक चुका ठोकून बसवली आणि झालो मी. एकाच झाडाचे आम्ही दोघं. तो निवडून काढलेला, मी उरलेला. आता सांगा, जळू नको तर काय करू?

सकाळी घंटा झाली की साऱ्या वर्गाचे डोळे त्याच्याकडं. तारीख त्याच्या अंगावर, सुविचार त्याच्या अंगावर. दसऱ्याला पोरं त्याच्यावर सरस्वती काढायची, झेंडूचा हार घालायची, हळदीकुंकू वाहायची. मला त्या दिवशी खिडकीत मागं सारायची, का तर म्हणे मी मळका दिसतो. अरे, मी मळलो कुणामुळं? त्याचं अंग मी पुसायचं आणि घाणेरडा मीच!

सगळ्यात जास्त जीव जळायचा तो जून महिन्यात. शाळा उघडली की त्याला नवं अंग मिळायचं. दुकानातला काळा रंग आणायला शाळेकडं कुठला पैसा? मग आमच्याकडं एक रीत होती. पोरं घरून बॅटरीचे संपलेले सेल आणायची. बॅटरी म्हणजे हातात धरून अंधारात उजेड पाडायची ती, शहरातले लोक जिला टॉर्च म्हणतात. सेल दगडानं फोडायचे, आतली काळी पूड काढायची. तिला सगळे मसाला म्हणायचे. हा मसाला, थोडा कोळसा आणि भोपळ्याच्या पाल्याचा रस एकत्र कालवायचा आणि फळ्याला चोळायचा. सारी शाळा त्याच्या भोवती. मला कुणी साधं धुतलंही नाही कधी.

माझ्या वाटणीला एकच माणूस होतं. बेबीनंदा.

चौथीतली पोर. काटकुळी, बडबडी, पाढे असे म्हणायची की ऐकत राहावं. डस्टर झटकायचा मान तिचा, आणि तो ती कुणाला देत नसे. मधल्या सुट्टीआधी मला बाहेर न्यायची आणि भिंतीवर धपाधप आपटायची. पांढरा ढग उठायचा, ती शिंकायची, हसायची, आणि मग विचारायची, "बरं वाटलं का रे?" फळ्याला असं कधी कुणी विचारलं नाही. तेवढ्यावर मी दिवस काढायचो.

मग हात फ्रॉकला पुसल्यासारखे करून ती तशीच भाकरी खायला बसायची. साऱ्याच पोरांचं तसं. पाटी थुंकीनं पुसायची, पेन्सिल चघळायची, बोट जिभेला लावून पान उलटायचं. गुरुजीसुद्धा पान तसंच उलटायचे, मग पोरांना कोण बोलणार?

पंच्याण्णव सालच्या जूनमध्ये गुरुजी वर्गात म्हणाले, "पोरांनो, फळा पार भुरकट झाला. बुधवारी तपासणीला साहेब येऊन राह्यले. ज्याला मिळेल त्यानं बॅटरीचा मसाला घेऊन या."

पोरांनी आणले ते सेल थोडेच होते, त्यातले काही फुगून गळालेले. तेवढ्यात फळ्याचा एक कोपराही भागला नसता. बेबीनंदानं हात वर केला. "गुरुजी, माझ्या मामाकडं लई मसाला हाय. मी आणते."

तिचा मामा मच्छिंद्र. हसनाबादच्या रस्त्यावर त्याचं दुकान. ट्रॅक्टरच्या, मालमोटारीच्या बॅटऱ्या तो खोलायचा, खराब झालेल्या प्लेटा काढायचा, नव्या बसवायचा. त्याच्या दृष्टीनं बॅटरी म्हणजे ती एकच. रविवारी भाची दारात उभी राहिली. पुढचं बोलणं तिनं दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना नक्कल करून दाखवलं.

"मामा, गुरुजींनी बॅटरीचा मसाला मागितलाय."

"हात्तिच्या! बॅटरीचा मसाला? ढीग पडलाय माझ्याकडं. शाळेसाठी ना? ने की."

त्यानं डालड्याचा डबा दाबून भरून दिला. मामाला वाटलं, गुरुजींना हाच हवा. गुरुजींना वाटलं, मामाकडं जुने सेल साठले असतील. पोरीला वाटलं, आपण जिंकलो. तिघंही आपापल्या जागी बराबर होते. शब्द तेवढा एकच होता, आणि डब्यात होतं शिसं. पोटात गेलं तर लहान जिवाचं रक्त आणि डोकं दोन्ही खाणारं. हे मी आज सांगतोय. त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं.

बेबीनंदानं कोपरापर्यंत हात घालून तो मसाला कालवला आणि भावाला चोळला. आणि काय सांगू, तो असा काळाभोर झाला की खडूचं अक्षर त्याच्यावर उठून दिसायला लागलं. साहेब आले, बघतच राहिले. "गुरुजी, असा फळा आख्ख्या तालुक्यात न्हाई." गुरुजींनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "साहेब, हा आमच्या बेबीनंदाचा फळा."

बेबीनंदाचा फळा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाही, तरी गेली. एवढी एक पोर माझी होती, ती पण त्यानं नेली.

बक्षीस म्हणून तिला पुढच्या रांगेत, बराबर फळ्याखाली बसवलं. उरलेला डबा कपाटावर राहिला, आणि दर शनिवारी दप्तर आवरायच्या आधी ती भावाच्या अंगावरचे फिकट डाग त्या मसाल्यानं भरून काढायला लागली. फुंकर मारून बघायची, परत चोळायची. मी खिडकीतून बघायचो आणि जळायचो.

मग एक गंमत झाली. माझी भुकटी पांढरीची करडी झाली. मला इतका आनंद झाला! भावाचा तो मिरवायचा रंग थोडा माझ्यातही उतरला होता. बेबीनंदा मला झटकायची तेव्हा करडा ढग तिच्या केसांवर, ओठांवर बसायचा. कुणालाच काही वाटलं नाही. शाळा म्हटली की धूळ आलीच, असं सगळे धरून चालतात.

पोळ्याच्या सुमारास तिचं पोट दुखायला लागलं.

आधी अधूनमधून, मग रोज. भाकरी तशीच बांधून परत न्यायची. तोंड पिठासारखं पांढरं पडलं. खेळात चिडायची, मैत्रिणींना ढकलून द्यायची. आणि एक दिवस तिला पाढाच आठवेना.

"बेबीनंदा, काल तर घडाघडा म्हणलीस!" गुरुजी म्हणाले.

"काल येत व्हता गुरुजी. कुठं गेला काय म्हाईत." एवढं म्हणून ती रडायला लागली.

गुरुजींना वाटलं, पोरगी आळशी झाली. त्यांनी तिला उभं केलं. त्याच दिवशी मला झटकताना तिच्या मनगटातलं बळ गेलं आणि मी खाली चिखलात पडलो. तिनं मला उचललं, फ्रॉकनं पुसलं, पण काही विचारलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हिचं काहीतरी मोठं बिघडलंय.

तिच्या आईनं, द्वारकाबाईनं, जंताचं औषध दिलं. मीठमिरच्या ओवाळल्या. शाळेच्या दारातून जाणाऱ्या बाया बोलायच्या, "पोरगी हुशार व्हती, तिला नजर लागली."

नजर! मी खिडकीत दचकलो. त्या वर्गात माझ्याइतकं जळणारं दुसरं होतं तरी कोण? पण मी तिच्यावर थोडाच जळत होतो? मी जळत होतो फळ्यावर. नजर लागायचीच होती तर त्या काळ्याला लागायला हवी होती. तो तर दिवसेंदिवस चमकत होता.

दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. झटकायचं काम भिवाकडं गेलं. तो पण पुढच्या रांगेतलाच. मुकाट आपटायचा, मुकाट ठेवायचा. त्याचाही हात आजकाल पोटावर असायचा.

एका संध्याकाळी पोरं गेल्यावर गुरुजी खिडक्या लावत होते, तेव्हा द्वारकाबाई दारात आली. पदर तोंडाला लावलेला.

"गुरुजी, एक विचारू का? माझी पोरगी शाळेत शिसपेन्शिली खात व्हती का?"

"का हो द्वारकाबाई? काय झालं?"

"जालन्याला नेलं व्हतं. अरुंधती डाक्टरीणबाईनं हिरड्या पाह्यल्या, निळी रेघ हाय म्हणल्या. रगत मुंबईला धाडलं. आज निकाल आला. रक्तात शिसं निघालं, लई निघालं. मला तर शिसं म्हणलं की पेन्शिलच ठावं."

गुरुजी खुर्चीवर बसले. "पेन्सिलीत नावालाच शिसं असतं. आत काजळीसारखं दुसरंच असतं. खरं शिसं निराळं."

"मंग खरं आलं कुठून? बाईनं खोदून खोदून विचारलं. सुरमा घालता का, भांड्याला कल्हई करता का, घरात बॅटरी हाय का. म्हणलं हाय की, दोन सेलची, हिचे वडील रानात नेतात. बाई म्हणल्या, ती न्हाई हो, गाडीची. म्हणलं, आमची बैलगाडी, तिला कुठली आली बॅटरी?"

दुसरा कुठला दिवस असता तर गुरुजी हसले असते.

"मंग मला आठवलं," द्वारकाबाई म्हणाली. "म्हणलं, माझा भाऊ करतो ते काम, पण तो हसनाबादला. बाईनं विचारलं, तिथून पोरीनं काही घरी आणलं का? म्हणलं, न्हाई. बिलकुल न्हाई. आईची आण, गुरुजी, घरी काहीबी आणलं न्हाई तिनं."

खरंच होतं. घरी आणलं नव्हतं.

गुरुजींची मान हळूहळू कपाटाकडं वळली. ते उठले, डालड्याचा डबा खाली काढला, टेबलावर ठेवला. "हा डबा ओळखता का?"

"हा? हा तर मच्छिंद्राच्या दुकानातला. इथं कसा आल्ता?"

"मीच मागवला." गुरुजी म्हणाले. "बॅटरीचा मसाला आणा म्हणलो. मी टॉर्चचा म्हणत होतो हो, द्वारकाबाई. मी टॉर्चचा म्हणत होतो." आणि ते खाली, पोरांच्या बस्करावरच बसले. द्वारकाबाई डब्याकडं बघत राहिली, मग फळ्याकडं बघितलं तिनं, आणि झटक्यात दोन पावलं मागं सरली.

दुसऱ्या दिवशी वर्ग उघडला नाही. पोरांना मारुतीच्या पारावर बसवलं. गुरुजी नाकाला ओलं उपरणं बांधून एकटेच आत आले. त्यांनी डबा पिशवीत घातला. मग फळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि त्यांनी मला घेतलं. मला! प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर गाठ मारून, डब्याशेजारी ठेवलं. भाऊ भिंतीवरच राहिला.

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एसटीनं जालन्याला जाताना मी एकच विचार करत होतो. आता कळेल त्याला. शेवटी काम पडलं तेव्हा मलाच नेलं.

जुन्या जालन्यात, धान्याच्या आडत्यांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर अरुंधती डॉक्टरांचा दवाखाना. बेबीनंदा तिथंच खाटेवर होती. केवढीशी झाली होती! शेजारी मच्छिंद्र मामा मान खाली घालून बसला होता. गुरुजींना बघून तो उठला. "मी चांगलं म्हणून दिलं हो, गुरुजी. पोरगी म्हणली, बॅटरीचा मसाला. मी म्हणलं, शाळेचं काम हाय, चाळून, बारीक करून देऊ. हातानं चाळला मी तो."

पिशवीतून माझी कड दिसली आणि बेबीनंदाचे डोळे उघडले. "आपलं डस्टर!" ती म्हणाली आणि हात पुढं केला.

किती महिने मी त्या हाताची वाट पाहिली होती. पिशवीची गाठ सुटावी म्हणून माझा जीव नुसता तडफडत होता.

"हात लावू नको!" डॉक्टर ओरडल्या. पिशवी त्यांनी जल्दी उचलली आणि लांब टेबलावर ठेवली. "गुरुजी, हे उघडायचं नाही. यातल्या भुकटीची चिमूट मी तपासायला औरंगाबादला पाठवते. पण मला विचाराल तर उत्तर समोर आहे. पोरीनं मसाला कालवला तो किती वेळ? घटकाभर. पुढचे सगळे महिने रोज तिच्या नाकातोंडात गेलं ते यातून. फळा पुसताना उडालेलं, झटकताना उडालेलं, बस्करावर बसलेलं, तिथून हाताला लागून भाकरीबरोबर पोटात गेलेलं. आणि टॉर्चच्या सेलचा मसाला पण इथून पुढं नको. त्यातही पोरांच्या पोटात जावं असं काही नसतं."

माझ्याकडं बोट दाखवून बोलत होत्या त्या. फळ्याचं त्यांनी नावसुद्धा नीट घेतलं नाही. जन्मभर ज्याची आस धरली ते असं मिळालं. सगळ्या खोलीचे डोळे माझ्यावर होते आणि बेबीनंदा भिंतीकडं तोंड करून रडत होती.

औरंगाबादहून उत्तर आलं, ते डॉक्टर म्हणाल्या तेच. मग सगळ्या वर्गाचं रक्त तपासलं. भिवाच्या आणि पुढच्या रांगेतल्या आणखी पोरांच्या रक्तात शिसं निघालं, पण बेबीनंदाइतकं नाही. तिचं दुखणं वेळेवर कळलं, म्हणून या पोरांचंही कळलं. गावातलं पुढचं मी दवाखान्यात येणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. गुरुजींनी गावापुढं उभं राहून सारं सांगितलं. काही लोक त्यांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा द्वारकाबाई मध्ये पडली. म्हणाली, "त्यांनी लपवलं असतं तर तुम्हाला कळलं असतं का?"

भावाला ओल्या तरटात गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत बंद करून गावातून नेलं. पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही. बस्करं गेली. खोली पाण्यानं पुन्हा पुन्हा पुसली. भिंतीवर सिमेंटचा नवा फळा झाला, त्याला दुकानातला रंग. आणि पुसायला काय ठेवलं, माहिती आहे? ओलं फडकं! ना लाकूड, ना घोंगडी, कुणाच्या तरी जुन्या धोतराचा तुकडा. बादलीत बुडवायचा, पिळायचा, पुसायचं. ढग नाही, शिंक नाही. बरी होऊन बेबीनंदा शाळेत परत आली तेव्हा तेच तिच्या हातात होतं म्हणे. ऐकून मी फळ्यावर जळलो नसेन इतका त्या फडक्यावर जळलो.

बरी झाली म्हणजे जगली. सुया झाल्या, औषधं झाली, रंग परत आला. पण पहिल्यासारखे घडाघड पाढे काही परत आले नाहीत. आजही बोलता बोलता तिचा एखादा शब्द हरवतो आणि ती थांबून त्याची वाट बघते.

मी गेली कित्येक वर्षं या दवाखान्यातच आहे. डॉक्टरांनी मला घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवलंय, झाकणाला भोवती चिकटपट्टी. जिल्ह्यातल्या शिक्षकांचा वर्ग घेतात तेव्हा मला समोर ठेवतात. म्हणतात, धूळ म्हणजे नुसती माती नसते. कोरडं झाडू नका, ओलं पुसा. वर्गात काय चोळता, काय रंगवता, ते आधी विचारा. जेवणाआधी पोरांचे हात साबणानं धुवा. शिक्षक मान डोलावतात. तुम्ही पण ऐकून ठेवा, माझं एवढंच मागणं आहे.

परवा बेबीनंदा आली होती. मुलाला डोस द्यायला. वर्षाचं पोर, नुकतं उभं राहायला शिकलेलं. शिक्षकांचा वर्ग नुकताच संपला होता, बरणी खालच्या स्टुलावरच राहिली होती. कोपऱ्यात डॉक्टरांनी मुलांसाठी खुळखुळे, चेंडू, लाकडी घोडा ठेवलाय. त्यानं कशाकडं बघितलं नाही. स्टुलाला धरत धरत सरळ माझ्याकडं आला. दोन्ही हातांनी बरणी कवटाळली, काचेला तोंड लावलं आणि झाकणाशी खटपट करायला लागला. हसत होता. मीच हवा होतो त्याला.

एवढ्या साऱ्यात मला निवडणारं ते पहिलंच माणूस. आणि मी आतून जीव तोडून म्हणत होतो, नको रे बाळा. तो घोडा घे. चेंडू घे. कुणाचाही हो, कुणालाही घे, मी बिलकुल जळणार नाही. मला सोड.

बेबीनंदा धावत आली. तिनं त्याला उचललं, बरणी वरच्या फळीवर ठेवली आणि नळाखाली धरून त्याचे हात साबणानं चोळून चोळून धुतले, मग तोंड धुतलं, मग पुन्हा हात. तो माझ्याकडं बघून हात पसरून रडत होता.

रडू दे त्याला.